मूळगावातली विहीर

पाणझुला वॉटर पार्कच्या ऑफिसात रुद्रेशनं टेबलावरचं कापड बाजूला ओढलं आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून ‘वा!’ निघालं. पार्कच्या पाण्याचं बघणाऱ्या अक्षता कुरणेच्या तोंडूनही निघालं. मॉडेल होतंच तसं देखणं. मातीची बुटकी घरं, पारावरचा वड, चावडी, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, बैलाची मोट, आणि एका कडेनं निळ्या काचेची वळणदार पट्टी. ती पट्टी म्हणजे अक्षतानं उभं केलेलं कर्दळीचं तळं.

रुद्रेश पुण्याहून आलेला सल्लागार. हॉटेलं, रिसॉर्ट, बागा यांना नवनवीन कल्पना काढून देणं हा त्याचा व्यवसाय. पार्कचे मालक अमरसिंह त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते आणि लग्नातल्या वरबापासारखे खुशीत दिसत होते.

“ह्याचं नाव मूळगाव,” रुद्रेश म्हणाला. “लोकांना आता नुसत्या घसरगुंड्या नकोत. त्यांना अनुभव हवाय. आणि शाश्वत म्हणजे काय हे जगानं आपल्याला काय शिकवायचं, आपलं जुनं गाव हेच शाश्वत होतं. वीज नाही, प्लास्टिक नाही. ज्याचं काम त्यानं करायचं. काही म्हणता काही वाया जात नव्हतं.”

अक्षता वाकून बघत होती. घरं, गल्ल्या, वेस. वेशीच्या बाहेर तिच्या तळ्याच्या पलीकडं चार-पाच खोपटी होती. त्यांना कौलं नव्हती, पाचटाचं छप्पर होतं. त्यांच्यावर टाचणीनं टोचलेली चिठ्ठी होती : ‘गावकुसाबाहेरचं जीवन.’ आणि वेशीत घोंगडी पांघरलेला, हातात घुंगराची काठी घेतलेला एक इवलासा माणूस. त्याची चिठ्ठी : ‘येसकर, पाहुण्यांचं स्वागत.’

तिनं त्या माणसावर बोट टेकवलं.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“तो पूर्ण गावाचा भाग आहे ना,” रुद्रेश म्हणाला. “अर्धवट गाव दाखवलं तर लोक म्हणतील खोटं आहे. आणि इथं आम्ही स्थानिक माणसंच घेणार. परंपरेनं ज्यांच्याकडं जे काम होतं…”

“म्हणजे वेशीत आमचा माणूस उभा करणार.”

तिकीट खिडक्यांची मुख्य असलेली विद्याश्री तेवढी अक्षताकडं बघत होती, बाकीचे मॉडेलकडं.

“दादा,” अक्षता अमरसिंहांकडं वळली, “माझा पणजा कोडोलीत वेशीत राखणीला ह्याच काठीनं उभा राहायचा. हौसेनं राहायचा नाही. हे इथं होणार असेल तर मला चालणार नाही.”

“अहो मॅडम, नाटक हाय ओ ते,” अमरसिंह हसत म्हणाले. पण तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. “बरं, बरं. काढतो तो भाग. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रुद्रेश, ते बाहेरचं काढून टाका.”

रुद्रेशनं मान डोलावली. अक्षतानं विश्वास ठेवला. न ठेवायला कारणही नव्हतं.

पाणझुला जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. अक्षता तिथं आली तेव्हा पार्कचं नाव घेतलं की आसपासची गावं शिव्या घालायची. उन्हाळ्यात इकडं बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत आणि तिकडं टँकरच्या रांगा पार्काच्या फाटकातून आत जात. विद्यापीठातून पर्यावरणशास्त्र शिकून आलेल्या ह्या पोरीनं अमरसिंहांना सरळ सांगितलं होतं, “तुम्ही पाणी विकत घेताय आणि ओढ्याला फुकट देताय.” मग तिनं पार्काच्या उताराला खडीचे वाफे केले, त्यांत कर्दळ आणि लव्हाळं लावलं. हौदांतलं वापरलेलं पाणी त्या मुळांमधून गाळून निघायचं, तळ्यात साठायचं आणि बागेला, संडासांना परत यायचं. पावसाचं पाणी धरायला तिनं घसरगुंड्यांच्या शेडांना पन्हाळी बसवल्या. कँटीनच्या खरकट्यातून गॅस काढला. टँकर बंद झाले. कर्दळीला लाल-पिवळी फुलं आली, तळ्यावर पाणकोंबड्या आल्या, आणि भिजून दमलेली माणसं पोरंबाळं घेऊन तिथं काठाला बसायला लागली.

तिला हा धंदा मनापासून आवडायचा. माणसाला आठवड्यातनं एखाद्या दिवशी मोकळं ओरडायला, भिजायला जागा पाहिजे असते, आणि ती जागा कुणाच्या तोंडचं पाणी न पळवता देता येते, हे तिनं करून दाखवलं होतं. दुसऱ्या गावांतले रिसॉर्टवाले बघायला यायचे. अमरसिंह त्यांना तळ्यापाशी आणून अभिमानानं म्हणायचे, “आमच्या मॅडमचं काम.”

म्हणूनच तिनं त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला.

पत्र्याच्या कुंपणाआड मूळगावाचं बांधकाम सुरू झालं. उन्हाळ्याची गर्दी तोंडावर होती. अक्षताला मान वर करायला सवड नव्हती. ती राजारामपुरीत विद्याश्रीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, सकाळी दोघी एकाच गाडीवरून यायच्या, संध्याकाळी परत जायच्या. कोडोलीला आईवडिलांकडं जाणं त्या दिवसांत झालंच नाही. मधे एकदा रुद्रेश तिच्याकडं आला होता. मूळगावातल्या झाडांसाठी तळ्यातून एक पाइप हवा होता.

“झाडांना चालेल,” ती म्हणाली होती. “पण नळावर पाटी लावा. हे पाणी पिण्याचं नाही.”

“अर्थात,” रुद्रेश म्हणाला होता.

उद्घाटनाआधी खास पाहुण्यांना एकदा मूळगाव दाखवायचं ठरलं. रिसॉर्टवाले, सहली नेणाऱ्या कंपन्यांची माणसं, दोन-चार हौशी कुटुंबं, आणि मोबाइलवर व्हिडिओ करणारी मंडळी. अक्षतानं त्यांना तळं दाखवायचं होतं. ती साडी नेसून आली होती. एरवी ती गमबूटात असायची.

पत्र्याचं फाटक उघडलं. पाहुण्यांचा घोळका आत शिरला आणि वेशीतून आवाज आला, “पावणं आलं हो! चावडीला वर्दी हो!” पाठोपाठ घुंगरं वाजली.

आवाज ओळखीचा होता. अक्षतानं माणसांतून वाट काढली. वेशीच्या भिंतीला टेकून, खांद्यावर घोंगडी, डोक्याला चिंधीसारखं मुंडासं, हातात काठी घेऊन नागसेन उभा होता. तिचा सख्खा चुलतभाऊ. आयटीआय केलेला, शिरोलीच्या कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा आणि कारखान्यानं कंत्राटी माणसं कमी केल्यावर घरी बसलेला नागसेन.

“तू? हितं?” तिचं ऑफिसातलं बोलणं क्षणात गळून पडलं.

नागसेन कसनुसा हसला. “आता कळलं न्हवं तुला? सांगू नका म्हणालेते.”

“कोण म्हणालतं?”

“रुद्रेश साहेब. वस्तीत आलते की. म्हणाले, ही सगळी आयडिया अक्षता मॅडमची हाय. तुमच्याच पोरीनं तुमच्यासाठी काम काढलंय. पण आपल्या माणसांना लावलं असा बोल तिच्यावर यायला नको, म्हणून तिच्याशी बोलू नका. मग वस्तीतनं कोण न्हाय म्हणणार? मलाच घोंगडं बघून कसंतरी झालं. पण तू सुचवलंयस म्हटल्यावर…” तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं हसू मावळलं. “तू न्हाय सुचवलंस?”

“न्हाय.”

तेवढ्यात रुद्रेशची हाक आली. “येसकर! विहिरीवर चला!” आणि नागसेन सवयीनं वळला, चार पावलं गेला. अक्षता त्याच्या मागोमाग गेली.

विहीर पाराच्या पुढं होती. सिमेंटचं कडं, वरून दगड चिकटवलेले, लाकडी रहाट, पितळी कळशी. खाली पाणी चमकत होतं. पाहुण्यांना चावडीत तांब्याच्या पेल्यांतून गार पाणी दिलं जात होतं; ते फिल्टरचं होतं, तसं सांगणारा माणूसही उभा होता. विहिरीपाशी कठड्याच्या आतल्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशी, अक्षतानं लावायला सांगितलेली पाटी होती : ‘हे पाणी पिण्यासाठी नाही.’

“आता हा मूळगावातला सगळ्यात भिडणारा अनुभव,” रुद्रेश घोळक्याला सांगत होता. “त्या काळी ह्या लोकांना स्वतः पाणी शेंदता येत नसे. कुणीतरी दया करून वाढेल तेव्हाच मिळे. ते तुम्ही आज प्रत्यक्ष अनुभवणार आहात. कोण येतंय?”

टोपी घातलेला एक जाडजूड रिसॉर्टवाला पुढं झाला. त्यानं रहाट ओढला, कळशी भरून काढली. नागसेन खाली उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. रिसॉर्टवाल्यानं कळशी उंच धरली आणि हसत हसत वरून धार सोडली. धार ओंजळीत कमी आणि नागसेनच्या तोंडावर जास्त पडली. लोक हसले. वाईट हसले असंही नाही. मजा वाटली म्हणून हसले. पाच-सहा मोबाइल वर झाले.

“अजून उंचावरून घ्या,” मोबाइलवाली एक बाई म्हणाली. “आणि दादा, तुम्ही जरा प्या ना. नुसतं सांडू नका.”

नागसेननं ओंजळ तोंडाला लावली.

“पिऊ नगंस!” अक्षता ओरडली.

सगळे मागं वळले. ती पुढं धावली आणि तिनं नागसेनच्या हातावर हात मारला. पाणी तिच्या साडीवर सांडलं.

“हे पाणी कुठनं आलंय?” तिनं रुद्रेशला विचारलं. “तळ्यातलं हाय न्हवं? झाडांसाठी म्हणून नेलेलं?”

“अक्षता मॅडम, नंतर बोलूया,” रुद्रेश दात आवळून म्हणाला.

“आत्ता बोलायचं. शेकडो लोकांनी अंघोळ केलेलं पाणी हाय ह्ये. कर्दळीतनं गाळलेलं. झाडाला चालतंय, संडासाला चालतंय. माणसाला पाजायचं न्हाय म्हणून मी पाटी लावायला सांगितली. पाटी कुठं लावलीसा? आत! नागसेन, किती दिवस पितोयस?”

“रिहर्सल झाल्यापासनं,” नागसेन खाली बघत म्हणाला. “खरं वाटाय पायजे म्हणाले. मधी पोट बिघडलंतं. मला वाटलं, उन्हाचं.”

“थोडंसंच तर असतं,” रुद्रेश म्हणाला. आवाज खाली आणून, जणू दोघांतली समजुतीची गोष्ट सांगावी तसा. पण घोळक्यातून पुढं आलेल्या विद्याश्रीलाही ते ऐकू गेलं. “आणि त्यांना सवय असते.”

अक्षतानं रिसॉर्टवाल्याच्या हातातली कळशी काढून घेतली. रुद्रेशच्या तोंडापुढं धरली.

“प्या.”

“काय?”

“थोडंसंच प्या. सवय करून घ्या.”

रुद्रेश मागं सरकला. चावडीकडून अमरसिंह लगबगीनं येत होते. “काय झालं? काय झालं? मॅडम, पाहुण्यांच्या समोर तमाशा नको.”

“तमाशा तुम्ही लावलाय, दादा. काढतो म्हणालासा हा भाग. तुमच्या तोंडानं म्हणालासा.”

“अहो, काढणारच होतो. पण तुमच्याच लोकांनी आनंदानं होकार दिला, मग मी…”

“माझं नाव सांगून घेतला त्यो होकार!”

आता कुणी हसत नव्हतं. काहींनी मोबाइल खिशात घातले, काहींनी तसेच धरले. अक्षताला रडू येत होतं आणि रडू आलं तर हे सगळे तेच बघत बसतील म्हणून ती रुद्रेशकडं वळून जास्तच मोठ्यानं बोलायला लागली.

“तुम्ही सांगितलंसा, जुन्या गावात काही वाया जात न्हवतं. खरं हाय. शिळी भाकरी वाया जात न्हवती, ती माझ्या पणजीच्या पदरात पडायची. मेलेलं ढोर वाया जात न्हवतं, ते माझा पणजा वढून न्यायचा. मढ्यावरचं कापड वाया जात न्हवतं. सगळं वापरलं जायचं. वाया गेली ती माणसं. पिढ्यान् पिढ्या वाया गेली. आणि त्याला तुम्ही शाश्वत म्हणतासा? तिकीट लावून दाखवतासा? माझ्या तळ्याच्या काठावर?”

“आमचा हेतू तसा नव्हता हो,” मोबाइलवाली बाई पुटपुटली.

“कळशी उंच धरा कोण म्हणालं?”

बाईनं मान फिरवली.

अक्षता तिथून तरातरा तळ्याकडं गेली. मूळगावाकडं जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह तिनं दोन्ही हातांनी फिरवून बंद केला, त्याची चाकासारखी मूठ काढली आणि पर्समध्ये टाकली. परत आली तेव्हा नागसेननं घोंगडी काढून विहिरीच्या कठड्यावर टाकली होती. तो नुसत्या शर्टात उभा होता आणि ओल्या तोंडावरून हात फिरवत होता.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“पोलिसात.”

पोलीस ठाण्यात त्यांना बाकावर बसवून ठेवलं. मग एका हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि तो पेन टेबलावर आपटत विचारात पडला.

“त्यानं पगार घेऊन काम धरलंतं न्हवं?” तो म्हणाला. “मग त्यात जातीचं काय आलं? नाटकात राजाला मारत्यात, म्हणून खुनाचा गुन्हा लावायचा व्हय? पाणी दूषित होतं अशी तक्रार लिहितो. त्ये बरोबर बसतंय.”

“नाही बसत,” अक्षता म्हणाली. “पाणी शुद्ध असतं तरी मी आले असते. नाटक असेल तर मग कळशी धरायला त्यांनी कुणाला पगारी ठेवलं? ते पाहुणे होते. खरे होते. ज्याची जात बघून काम दिलं तोही खरा आहे. मग नाटक कुठं आहे ह्यात?”

“मॅडम, मोठ्यानं बोलू नका.”

“बोलणार.”

तासभर हेच चाललं. हवालदार आतल्या साहेबांकडं जाऊन यायचा, पुन्हा ‘दूषित पाणी’वर यायचा. नागसेनच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं, पण ते त्यानं सांगितलं नाही. एवढ्यात दारातून विद्याश्री आत आली. पार्कचा निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम.

“मी तिथं होते,” ती म्हणाली. “‘त्यांना सवय असते’ हे वाक्य मी ह्या कानांनी ऐकलंय. माझा जबाब घ्या.”

“तुम्ही कोण? ह्यांच्याच पैकी?”

“मी लिंगायत आहे. गडहिंग्लजची. कुणाच्या पैकी असावं लागतं का खरं सांगायला?”

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग बाकावरच्या दोघांकडं. तो पुन्हा आत गेला. ह्या वेळी साहेब स्वतः बाहेर आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “पहिल्यापासून सांगा. सावकाश.”

अॅट्रॉसिटीखाली गुन्हा नोंद झाला तेव्हा उन्हं कलली होती. विद्याश्रीनं बाहेर येऊन ओळखपत्र काढलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. “माझीबी नोकरी गेलीच म्हणायची,” ती म्हणाली. आणि मग दोघी मैत्रिणी कारण नसताना हसायला लागल्या. नागसेन मात्र हसला नाही.

कोडोलीच्या वस्तीत सगळ्यांनी पाठ थोपटली असं झालं नाही. बातमी पोचल्यावर लोक अक्षताच्या आईवडिलांच्या दारात जमले. मूळगाव बंद पडलं आणि तिथं स्वयंपाकाला, झाडलोटीला, राखणीला लागलेल्या कितीतरी जणांचं काम एका दुपारीत गेलं.

“तुझं काय जातंय?” बनाबाई म्हणाली. ती मूळगावात भाकरी थापणार होती. “तुला दुसरीकडं खुर्ची मिळंल. मी कुठं जाऊ? माज्या सुनंच्या पोरांस्नी काय ‘मान’ वाढू का ताटात?”

अक्षताची आई सरुबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “बने, काम करायला लाज न्हाई. मी जलमभर लोकांच्या रानात भांगलण केली. पण काम देणाऱ्यानं माज्या लेकीचं नाव चोरलं. त्याच्यावर वराड की. हिच्यावर काय वराडतीस?”

“नाव चोरलं म्हंजी?” बनाबाईला ते माहीतच नव्हतं. बऱ्याच जणांना नव्हतं. सांगितलं तेव्हा पुष्कळांनी रुद्रेशला आणि अमरसिंहांना शिव्या दिल्या. काहींनी दिल्या नाहीत. दोघंतिघं पुढच्या आठवड्यात पार्कच्या कँटीनमध्ये कामावर गेले. अक्षतानं त्यांना अडवलं नाही. राग तिला त्यांचा नव्हता. त्यांना दुसरा रस्ता नाही हे ओळखून जो बोलावत होता त्याचा होता.

अक्षतानं कोडोलीहूनच राजीनामा पाठवून दिला. तिच्याशिवाय कर्दळीचे वाफे कुणाला सांभाळता आले नाहीत. वेळच्या वेळी गाळ निघाला नाही, खडी तुंबली, तळं हिरवंगार होऊन वास मारायला लागलं. ऐन गर्दीत टँकर पुन्हा फाटकातून आत जायला लागले आणि आसपासच्या गावांनी पुन्हा तोंड सोडलं.

मग एका रविवारी अमरसिंहांची मोठी गाडी वस्तीच्या अरुंद बोळात येऊन अडकली. ते उतरून चालत आले. अक्षताच्या घरासमोर बुद्धविहाराच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. कुणी उठलं नाही. सरुबाईनं मात्र खुर्ची आणून ठेवली. “बसा, पावणं.”

अमरसिंह बसले. रुद्रेशला काढून टाकलंय, म्हणाले. वेस पाडली, खोपटी पाडली, म्हणाले. “मॅडम, माझ्याकडनं चूक झाली. तुम्ही परत या. तळ्याचं, पाण्याचं, सगळ्या नव्या कामाचं तुम्ही बघा. मी मधे येणार न्हाय. ह्या वस्तीतल्या लोकांना नीट कामं देऊ. युनिफॉर्मवर. वेशीत न्हाय कुणी उभं राहणार.”

“आधी एक सांगा,” अक्षता म्हणाली. “ही कल्पना माझी होती का?”

“न्हाय.”

“मला नका सांगू. ह्यांना सांगा.”

अमरसिंह कट्ट्याकडं वळले. मोठा माणूस, सभांमधून बोलणारा, पण शब्द सापडेनात. “मॅडमनी… ह्यांनी न्हाय सुचवलं ते. ह्यांनी उलट नको म्हणून सांगितलंतं. आमी ऐकलं न्हाय.” बनाबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

“झालं?” अमरसिंहांनी घाम पुसला. मग ते अक्षताकडं झुकले. “आता ती तक्रार तेवढी… तुम्ही मनावर घेतलं तर मागं घेता येईल. वकील म्हणतोय, तुम्ही जरा…”

अक्षतानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिच्या जिभेवर तयार होतं.

“तक्रार कुणाची हाय?” नागसेन म्हणाला.

तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता. तो तिथं आहे हे अमरसिंहांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्या क्षणी अक्षताच्याही नव्हतं.

“तक्रार माझी हाय,” तो म्हणाला. “तोंडावर पाणी माझ्या पडलंय. पोट माझं बिघडलंय. आल्यापासनं मॅडम, मॅडम चाललंय तुमचं. माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाईसा. मागायचं आसंल तर माझ्याकडं मागा.”

अमरसिंहांना खुर्ची वळवून घ्यावी लागली. “नागसेन…” नाव त्यांना ठाऊक होतं तर. “नागसेन, जे झालं ते वाईट झालं. माझी विनंती हाय…”

“न्हाय,” नागसेन म्हणाला. “कोर्टात येतो मी. नाटक हुतं म्हणून तिथं सांगा. जज काय म्हणत्यात बघू.”

अमरसिंह उठले. गाडी बोळातून मागं घेताना ड्रायव्हरचे हाल झाले. वस्तीतल्याच दोघांनी पुढं होऊन, हात दाखवून ती बाहेर काढून दिली.

“तुमी परत येणार का न्हाय, सांगितलं न्हाईसा,” जाता जाता अमरसिंहांनी अक्षताला विचारलं होतं. ती म्हणाली होती, “निकाल लागू दे.”

निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. जोतिबावरच्या दुकानदारांनी धर्मशाळांच्या सांडपाण्यासाठी अक्षताला बोलावलं. तिथं डोंगराच्या उताराला तिनं नवे वाफे घातलेत आणि मोटारपंपांचं काम नागसेन बघतो. विद्याश्रीला राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात नोकरी लागली.

परवा तिनंच अक्षताच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कोकणातल्या कुठल्याशा नव्या रिसॉर्टची जाहिरात. हिरवी झाडं, मातीची घरं, ‘पूर्वजांचं शाश्वत जगणं अनुभवा’, आणि क्षणभर दिसणारी उंच धरलेली पितळी कळशी आणि खाली पसरलेली एक ओंजळ. चेहरा कापलेला होता. खाली सल्लागार म्हणून रुद्रेशचं नाव.

नागसेननं तो पंपापाशी उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा बघितला. “हात माझंच हाईत,” तो म्हणाला.

अक्षताचा आवाज चढायला लागला. आत्ताच्या आत्ता त्या मालकाला फोन लावते, वकिलाला सांगते, पेपरात देते. नागसेननं पान्हा खाली ठेवला, हात पुसले आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“फोन नगं,” तो म्हणाला. “जाऊया. आणि तितं बोलायचं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कोकणाकडं घाट उतरणाऱ्या एसटीत बसले. घाटाच्या तोंडाला बावड्याला गाडी थांबली तेव्हा अक्षतानं दोघांसाठी चहा आणला. नागसेन खिडकीबाहेर बघत ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत होता. मधेच त्यानं विचारलं, “पयल्यांदा काय म्हणू?” आणि तिनं काही सांगायच्या आतच तो स्वतःशी मान हलवून म्हणाला, “ऱ्हाऊ दे. म्हणतो मी.”